सोबतपट्टा

ज्या समुद्रात बापाने हेमांगीला श्वास धरायला शिकवलं, त्याच समुद्रात आज तिला श्वास न धरण्याची परीक्षा द्यायची होती. या परीक्षेत ती आधी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्या शिकाऊ गाईडला 'सागरवेल' रिसॉर्टवाले काढून टाकत नसत, पण पाण्यातही उतरू देत नसत. मग सिलिंडर भरायचे, ओले सूट वाळत घालायचे, पाहुण्यांना टॉवेल द्यायचे. त्या कामांची हेमांगीला लाज नव्हती. फक्त समुद्राच्या इतक्या जवळ राहून कोरडं राहणं आपल्याला जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी ती जेट्टीवर सिलिंडर बोटीत उतरवत होती, तेव्हा राजूताई मायेकर चहाचा पेला घेऊन आली. रिसॉर्टवरची ती सगळ्यात जुनी गाईड, आणि आजची परीक्षकही तीच.

"काय गो, नाश्तो केलंस?"

"पोटात जाणा नाय काय."

"बरा आसा. पोटात नाय तर ओकारी येवची नाय."

"ताई, आज झाला नाय तर?"

"तर टॉवेल," राजूताईने चहा फुंकला. "तुझ्या हातचे टॉवेल बरे वाळतत."

हेमांगी हसली, पण तिचा हात नकळत बरगड्यांवरच्या पट्ट्याकडे गेला. सगळी अडचण त्या पट्ट्याची होती.

त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. किनाऱ्यावर सगळे त्याला सोबतपट्टा म्हणत. तो जोडीने येई. एक गाईडच्या छातीला, दुसरा पाहुण्याच्या. गाईडच्या पट्ट्यात ताणले जाणारे बारीक धागे होते. श्वासाबरोबर छाती फुगली की धागे ताणले जात आणि तेवढा ताण मोजला जाई. पाण्यातून रेडिओच्या लहरी दूर जात नाहीत, म्हणून ते माप आवाजाच्या सूक्ष्म ठोक्यांनी पाहुण्याच्या पट्ट्यापर्यंत पोहोचवलं जाई. त्या पट्ट्यातल्या मऊ नळ्या त्याच लयीत फुगत आणि ओसरत. पाहुण्याला वाटे, कुणीतरी मागून बरगड्यांवर तळवा ठेवलाय आणि तो तळवा श्वास घेतोय.

बाकीचं काम शरीर करी. मेंदूच्या देठाशी श्वासाची लय सांभाळणारं एक लहानसं केंद्र असतं. एरवी ते आपल्या तालात चालतं, पण जवळ दुसरी संथ लय असली तर तिच्याकडे ओढलं जातं. छातीवर झोपवलेलं तान्हं मूल आईच्या लयीवर येतं, तसंच. पट्टे आल्यापासून पाण्यात घाबरून नळी ओकून टाकणारे पाहुणे जवळजवळ दिसेनासे झाले. पोहता न येणारी माणसंही आता निवांत खाली उतरत.

मात्र जे गाईडच्या छातीत असेल ते पाहुण्याच्या छातीत उतरे. गाईड दचकला की पाहुणा दचके. गाईडने श्वास धरला की पाहुणाही धरे, आणि पाण्याखाली सिलिंडरची हवा घेणाऱ्याने श्वास धरणं म्हणजे जिवाशी खेळ. आठ मीटर खाली अंगावरचा एकूण दाब जमिनीवरच्या जवळजवळ दुप्पट असतो. तिथे घेतलेली छातीभर हवा वर येताना पसरत जाते. श्वास सोडत राहिलं तर ती बुडबुड्यांनी निघून जाते, कोंडून ठेवली तर फुफ्फुस फाडते.

हेमांगीचा बाप जनू खोब्रेकर आयुष्यभर श्वास धरूनच पाण्यात गेला होता. तो शिनाणेकार. शिनाणे म्हणजे पाण्याखालच्या खडकांना झुपक्यांनी चिकटणारे हिरवट-काळे शिंपले. ते लोखंडी पट्टीने सोडवून आणायचे. जनू वरूनच छातीभर हवा घेऊन जाई. ती हवा खाली आकसे आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होई, त्याहून जास्त नाही. म्हणून त्याला कधी काही झालं नाही. हवेचा नियम एकच होता, आणि तो बापाला एक शिकवी, लेकीला बरोबर उलटं.

आठ वर्षांच्या हेमांगीला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून जनू म्हणाला होता, "खडप दिसला की दम धर. दम धरलंस की पाणी थांबता. मगे बघ." ते तिच्या हाडात गेलं होतं. आधीच्या दोन्ही परीक्षांत तिचा श्वास मधेच थांबल्याचं पट्ट्याने दाखवलं, तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. शिनाणेकाराचीच पोर, आणखी काय होणार.

पुढे समुद्र तापत गेला आणि खडपावरचे शिनाणे गेले. मग जनूचा दमही गेला. त्याची फुफ्फुसं आतून आखडत चालली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, पण बरं होण्याची भाषा केली नाही. बायको कधीच वारली होती. घरात बाप-लेक दोघंच. संध्याकाळी हेमांगी पडवीत बसून संथ श्वासाचा सराव करी, तेव्हा जनू खुर्चीत पुढे वाकून तिच्याकडे बघत राही.

"बापसाचा शिकवलेला पुसतंस," एकदा तो म्हणाला होता. रागाने नव्हे. पण त्या दिवसापासून दोघंही पाण्याबद्दल बोलेनाशी झाली.

*

आजची पाहुणी होती मंदाकिनी घोरपडे, कराडची. साठीच्या आसपासची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेली. मुलगा आणि सून दुसऱ्या बोटीने पुढे गेले होते. त्यांनीच आईसाठी ही सफर ठरवली होती.

"मला पोहता येत नाही, आधीच सांगते," बोटीत बसता बसता बाई म्हणाल्या.

"चालेल, काकू. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि सोडायचा. बाकी मी."

"शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्र निळ्या खडूने रंगवायचा, एवढीच आमची ओळख." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "हा तर हिरवा आहे की गं."

"आता हा धडा सुधारा," राजूताई मागून म्हणाली.

"निवृत्त झाले. आता चूक तशीच राहणार."

हेमांगीने त्यांच्या छातीभोवती पट्टा बांधला आणि कळ दाबली. काकूंचं बोलणं अर्ध्यातच थांबलं. त्यांनी दोन्ही हात बरगड्यांवर ठेवले.

"हे काय?"

"माझा श्वास आहे. घट्ट होतोय का?"

"नाही," काकू हळू म्हणाल्या. "राहू दे."

राजूताईने हेमांगीकडे पाहिलं. हे तिच्या ओळखीचं होतं. हल्ली काही पाहुणे वर आल्यावर माशांविषयी काही बोलतच नसत. पट्टा सोडताना गप्प होत, कुणी रडत, कुणी दुसऱ्या दिवशी येऊन तोच गाईड मागत. शेवटी रिसॉर्टने नियम केला की एका पाहुण्याला तोच गाईड पुन्हा द्यायचा नाही. गाईडांच्या घरी वेगळीच तऱ्हा. राजूताईचा नवरा म्हणे, "दिवसभर लोकांक श्वास वाटतंस आणि घराकडे इलंस की नुसते उसासे."

नांगर पडला. दोघी नांगराच्या दोरीला धरून खाली उतरू लागल्या. हेमांगीचा एक हात काकूंच्या सिलिंडरच्या मानेवर होता. राजूताई थोडी वर, मागे, सगळं दिसेल अशा बेताने तरंगत होती.

खाली ऊन जाळीसारखं खडकावर हलत होतं. पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले, काकूंच्या बोटांना हुंगून गेले. एक गोबरा मासा कपारीतून डोकं काढून बघत राहिला, दारात उभ्या राहिलेल्या एखाद्या त्रासिक शेजाऱ्यासारखा. काकूंनी त्याला हात केला. हेमांगीचा श्वास संथ चालला होता. आत, बाहेर, बुडबुडे, पुन्हा आत. तिच्या मनगटावर एक लहानसा मणी होता. पाहुण्याचा श्वास थांबला की तो थरथरे. तो शांत होता.

मग खडकाच्या सावलीच्या बाजूला तिला ते दिसलं. नखाएवढे, हिरवट कडा असलेले, एकमेकांना बिलगून बसलेले. शिनाणे. एवढासाच झुपका, ओंजळीत मावेल इतका. पण त्या खडपावर कित्येक वर्षांनी.

छाती आपोआप थांबायला निघाली. पाणी थांबवून बघायला. हेमांगीला बापाचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला, आणि त्याच क्षणी तिला आपल्या हाताखालचं दुसरं शरीर जाणवलं, तिच्या श्वासावर चालणारं. तिने दात नळीवर घट्ट रोवले आणि श्वास सोडला. लांब, शेवटपर्यंत. बुडबुड्यांच्या पडद्यामागे शिनाणे हलल्यासारखे दिसले, तेवढेच. पाणी थांबलं नाही. तरी तिने ते बघितले होते.

आता वर जायचं होतं. तिने अंगठा वर केला, काकूंनी मान हलवली. दोघी दोरीने हळूहळू वर सरकू लागल्या, बघायला नुसतं हिरवं पाणी उरलं आणि मनगटावरचा मणी थरथरला.

हेमांगी जागीच थांबली. काकूंच्या तोंडून बुडबुडे येत नव्हते. तिने खूण केली, श्वास सोडा. काकूंनी सोडला. जरा वर गेल्या, तर मणी पुन्हा थरथरला. पुन्हा खूण, पुन्हा बुडबुडे, पुन्हा तेच. वरून राजूताई खाली सरकली, पण मधे पडली नाही. हात आखडून बघत राहिली.

काकू घाबरल्या असतील असं हेमांगीला आधी वाटलं. मग तिने मास्कच्या काचेतून त्यांचा चेहरा नीट पाहिला. त्यात भीती नव्हती. डोळे अर्धवट मिटलेले, मान एका बाजूला किंचित कललेली. हात बरगड्यांवर.

त्या ऐकत होत्या.

हेमांगीने ती मान ओळखली. कुठे पाहिली होती ते तिला आठवेना, पण अशी मान कलते तेव्हा छाती का थांबते हे तिला नेमकं माहीत होतं. दुसऱ्याचा श्वास ऐकायचा तर आपला थांबवावा लागतो. आपलाच आवाज मधे येतो. काकू पट्ट्यातून येणारा श्वास स्पर्शाने नव्हे, कानाने धरू बघत होत्या, जुन्या सवयीने.

खुणा करून उपयोग नव्हता. ऐकणाऱ्याला ऐकायला काहीतरी द्यायला हवं होतं. हेमांगीने आपलं कपाळ काकूंच्या कपाळाजवळ नेलं आणि नळी तोंडात असतानाच घशातून आवाज काढला.

"हूं."

पाण्यात आवाज वेगाने जातो आणि हाडांतून आत शिरतो. काकूंचे डोळे उघडले. हेमांगीने पुन्हा केलं, लांबवून. "हूंऽऽ." गोष्ट ऐकताना पोरं देतात तसा हुंकार. कुणी दिला की आपणही द्यायचा, हे काही शिकवावं लागत नाही. आणि हुंकार श्वास सोडल्याशिवाय देता येत नाही.

काकूंच्या नळीतून बुडबुडे सुटले. "हूं," त्या म्हणाल्या.

हेमांगीने एक हात वर सरकवला. "हूं."

"हूं."

अशा त्या वर आल्या. हाताहाताने, हुंकाराहुंकाराने. पाणी फिकट होत गेलं आणि मग डोक्यावर ऊन होतं.

*

बोटीत काकू बराच वेळ टॉवेल गुंडाळून बसल्या. हेमांगी पट्टा सोडायला पुढे झाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"मी तुझी परीक्षा बिघडवली का गं?"

"नाही, काकू."

"आमच्या ह्यांची दोन वर्षं अशीच गेली. छातीचा आजार. रात्री दिवा लावला की त्यांना जाग यायची, म्हणून अंधारात ऐकायचं. माझा श्वास धरून. त्यांचा एक ऐकू आला की मग माझा एक." त्यांनी ओठ पुसले. "गेल्याला तीन वर्षं झाली. सवय गेली असं वाटलं होतं. खाली तुझा आला आणि मी आपली लागले ऐकायला. मुलाला सांगू नकोस, उगीच हळवा होईल."

हेमांगीने हात तसाच राहू दिला. तिला आठवलं, ती मान तिने कुठे पाहिली होती. पाहिली नव्हतीच. ती तिचीच मान होती.

घरात तिच्या आणि बापाच्या खोलीमधे फळ्यांची भिंत होती. थंडीत जनूला इस्पितळातून घरी आणलं, त्या दिवसापासून ती रोज त्या भिंतीकडे कान करून झोपत होती. आपला दम धरायची, पलीकडची घरघर आली की सोडायची. आणि पट्ट्यात श्वास अडकू लागला तोही थंडीनंतरच. त्याआधी पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, टाकीतल्या सरावात तिचा श्वास एकदाही थांबला नव्हता. लहानपणचं शिकलेलं सगळं तेव्हाही हाडात होतंच की. मग इतके दिवस सगळ्यांनी, तिनेही, दोष मात्र बापाच्या शिकवणीला दिला होता.

जेट्टीवर काकूंचा मुलगा वाट बघत होता. काकू उतरल्या, चार पावलं गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "तो कपारीतला मासा बघितलास ना? अगदी आमचे मुख्याध्यापक."

त्या गेल्यावर राजूताईने आपल्या हातातल्या पडद्यावरची श्वासाची रेघ हेमांगीसमोर धरली. लाटेसारखी सलग रेघ. एका जागी ती थरथरली होती, पण तुटली नव्हती.

"हय काय दिसला तुका?"

"शिनाणे."

राजूताईने भुवया वर केल्या. "आणि तरी सोडलंस?"

"सोडलंय."

"मगे टॉवेल दुसऱ्या कोणाक तरी शोधूक व्हयो." ती सामान आवरू लागली. जरा वेळाने पाठमोरीच म्हणाली, "वर येताना ता हूं हूं काय होता? पुस्तकात नाय."

"नाय."

"उद्या पोरांक शिकव."

हेमांगी तिथेच उभी राहिली. "ताई, जुनी जोडी एक दिवस घरी नेऊ? ती पाण्यात चालणा नाय."

पाण्याबाहेर ते पट्टे साध्या बिनतारी लहरींवर चालत. दोन्ही पट्ट्यांत धागे आणि नळ्या असल्याने कोणाचा श्वास कोणाकडे जावा हे एका कळीवर ठरवता येई. राजूताईने विचारलं नाही कशाला. जनू खोब्रेकराने तिच्या थोरल्या भावाला बुडताना वर काढलं होतं, ही गोष्ट देवबाग गावात सगळ्यांना माहीत होती.

"चार्ज करून परत हाड," एवढंच ती म्हणाली.

*

ऊन कलतं झालं होतं. जनू पडवीत खुर्चीवर पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता. दम लागणाऱ्या माणसाला तसंच बरं पडतं.

"काय झाला?"

"झालंय पास."

त्याने मान डोलावली. आनंद झाला की त्याचे कान हलत, ते हलले. मग तो गप्प झाला, कारण पुढे बोलायचं तर पाण्याबद्दल बोलावं लागलं असतं.

हेमांगीने पिशवीतून पट्टे काढले. एक त्याच्या सदऱ्यावरून बांधला, दुसरा स्वतःला. कळ उलटी फिरवली, त्याचा श्वास तिच्याकडे यावा म्हणून.

"ह्या कित्याक?"

"रात्री तुमचो श्वास माका आयकाक लागता. ह्येच्यान आयकाक नको. हात ठेवल्यासारख्या कळात. मी आपली झोपान."

पट्टा हलला. तिच्या बरगड्यांवर तिचा बाप श्वास घेऊ लागला. आखूड, भराभर, वर चढताना अडखळणारा. इतका लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने डोळे मिटले. आणि मग तो मधेच थांबला.

तिने डोळे उघडले. जनू तिच्याकडेच बघत होता, मान किंचित कललेली.

"बाबा, दम कित्याक धरतास? डॉक्टरान सांगल्यान ना."

जनूने नजर वळवली. "सवय."

"शिनाण्यांची?"

"नाय गो." त्याला एका दमात सगळं बोलवेना, तुकड्यातुकड्याने तो म्हणाला, "रात्री तुझो श्वास... मधीच बंद जाता. माका वाटता, पोरगी उठान गेली... काय झाला. म्हणान मी माझो धरून... आयकतंय."

हेमांगीला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरले. फळ्यांच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघं, रात्रभर, एकमेकांचा श्वास ऐकण्यासाठी आपापला बंद करून पडलेली. तिने तिचा धरला की त्याला काळजी, त्याने त्याचा धरला की तिला.

"आता माझो तुमच्याकडे लावतंय," ती म्हणाली. "पण आयकाचा नाय. नुसता बसाचा."

तिने कळ फिरवली. जनूने सदऱ्यावर हात ठेवला. लेकीचा श्वास त्याच्या बरगड्यांवर आला, लांब, संथ, दिवसभर समुद्राने घोटलेला. त्याच्या छातीने त्याच्यामागे जायचा प्रयत्न केला. तेवढं लांब त्या छातीला पोहोचणं शक्य नव्हतं. पण अडखळणं कमी झालं. खांदे थोडे खाली आले.

"पुसूक नाय तू," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"काय?"

"शिकवलेला."

हेमांगी भिंतीला टेकून त्याच्या पायाशी बसली. किती महिन्यांनी तिला त्याला पाण्यातलं काही सांगावंसं वाटत होतं.

"बाबा, मोठ्या खडपावर शिनाणे इलेत."

जनू हलला नाही. छाती थांबते की काय असं तिला क्षणभर वाटलं.

"हूं म्हणा," ती म्हणाली.

"हूं."

"सावलीच्या बाजूक. नखाएवढे. अजून लहान आसत."

"हूं."

"कोणी सोडवूक नयेत म्हणान मी कोणाक जागो सांगूक नाय."

"हूं."

ती सांगत राहिली. पिवळ्या पट्ट्यांचे मासे, कपारीतला गोबरा, कराडच्या काकूंचे मुख्याध्यापक. प्रत्येक वाक्याला वरून एक हुंकार येई आणि त्याच्याबरोबर एक श्वास बाहेर जाई. उन्हाची तिरीप पडवीतून अंगणात उतरली. सांगता सांगता तिचे शब्द लांबत गेले, एका वाक्याचा शेवट राहिलाच, आणि तिचं डोकं खुर्चीच्या पायाला टेकलं.

जनूने वाकून पाहिलं नाही. कानही दिला नाही. बरगड्यांवर तिचा श्वास येत होता, जात होता, कुठेही न थांबता. गोष्ट सांगणारी झोपली होती. तो आपला हुंकार देत राहिला.